कंगवा वहिनीच्या हाती

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांना हाताचे व्यायाम शिकवता शिकवता संध्याकाळपर्यंत फिजिओथेरपीच्या बाईंच्या घशाला कोरड पडायची. त्या दिवशी शेवटी आलेल्या पेशंटचा हात सुजला होता, खांदाही आखडला होता.

“वहिनीला मी काडी उचलू देत नाही. वेणीसुद्धा मीच घालते,” तिच्यासोबत आलेली नणंद अभिमानानं म्हणाली.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. “इथंच तर घोडं पेंड खातं! सूज ऑपरेशनमुळे आली, पण खांदा आखडला तो न हलवल्यामुळे. भरलेली बादली उचलायची नाही, कंगवा मात्र तिचा तिनंच धरायचा.”

बाईंनी दिलेला कंगवा वहिनीनं कसाबसा कानापर्यंत नेला आणि ती कण्हली. नणंदेचा हात आपसूक पुढे झाला. बाईंनी तो धरून ठेवला.

“मलाही रोज बघवत नाही गं. पण थांब.”

“भांग वाकडा आला तर हसायचं नाही हं,” वहिनी दात आवळून म्हणाली.