लांबची घंटी

औरंगपुऱ्यात मागून रिक्षानं हॉर्न दिला आणि तो सळईसारखा डोक्यात घुसला. मी कानातलं मशीन उपटून रस्त्यावर टाकलं आणि एका दुकानाच्या पायरीवर बसले. चाकाखाली जायच्या आत सुनेनं ते उचललं.

"आत्या, फेकून द्यायला ते काय शेण हाय का?"

"घाल तुझ्या कानात, मग बोल."

मशीन मी घरच्यांचं बोलणं ऐकायला घेतलं नव्हतं. पडेगावला आमच्या घरावरून संध्याकाळी कुणाकुणाची मेंढरं जातात. त्यांची घंटी मला ऐकू येईना झाली होती.

तिथूनच आम्ही कानाच्या दवाखान्यात परत गेलो. आधीच्या तपासणीत हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबा म्हणाले होते. त्यावरून मी फार बहिरी ठरले आणि मशीन मोठ्या आवाजावर लागलं. या वेळी तिथल्या मुलीनं कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवल्या. "काही करायचं नाही, आजी. झोप लागली तरी चालेल." कानात टकटक सुरू झाली. मी डोळे मिटून पडले.

नंतर तिनं पडद्यावरच्या लाटा दाखवल्या. "बारीक आवाजालाही तुमचा मेंदू प्रतिसाद देतोय. मग त्या दिवशी बटण का नाही दाबलं? ऐकू आलं नव्हतं?"

"आलं की. पण ते लांब होतं."

ती सुनेकडं बघायला लागली.

आमचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. नवरा कळप घेऊन यायचा तेव्हा मी मुक्कामावर चुलीपाशी असायची. म्होरक्या मेंढ्याची घंटी बारीक वाजली तर तो अजून लांब. तेव्हा तवा ठेवायचा नाही, सरपण फुकट जातं. घंटी मोठी झाली की उठायचं. बटणाचंही मी तसंच केलं.

मुलगी म्हणाली, "आवाज पोचला, एवढंच तारा सांगतात. तो किती मोठा वाटला ते तुम्हीच सांगायचं." मग ती मशीनचा आवाज उतरवत गेली आणि मी सांगत गेले. लई होतंय. अजून लई. आता बरं.

परवा दारात बसले होते. घंटी आली, अगदी बारीक. मी उठले नाही.

"आत्या, भाकरी टाकू का?" सून आतून म्हणाली.

"थांब जरा. लांब हाय अजून."

तवा तिनं ठेवला नाही. घंटी मोठी झाली नाही, दौलताबादच्या अंगाला विरत गेली. आमची मेंढरं विकली, नवरा गेला. त्या मुक्कामावरची मी तेवढी राहिले.