सोडा की सोडवा

मी मराठी शिकवायचे. सांगलीतल्या एका शाळेत, आठवी ते दहावी. ऱ्हस्व-दीर्घाचा अर्धा गुण कापताना माझा हात कधी कचरला नाही. पालक भांडायला यायचे, "अर्ध्या गुणानं काय होतंय बाई?" मी त्यांना ऐकवायचे की एका अक्षराने अर्थाचा अनर्थ होतो. पुढे हे वाक्य मी म्हणेनाशी झाले.

नव्वद सालानंतरची ती तीन-चार वर्षं. गावोगाव भटक्या कुत्र्यांना विष घालत, आणि सकाळी शाळेला जाताना ती पाय ताणून पडलेली दिसत. ते बघवेना म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी जखमी कुत्र्यांसाठी एक आसरा सुरू केला. जागा दिली एका जैन व्यापाऱ्याने. हळदीचं जुनं गोदाम होतं. पोती केव्हाच हलली होती, पण हळद फटीफटीत बसलेली. पांढरं कुत्रं महिन्याभरात पिवळं दिसायला लागायचं. लोक विचारत, काय बाई, कुत्र्यांची लग्नं लावताय का? व्यापाऱ्याची अट एकच होती, इथे जीव मारायचा नाही.

अट सुंदरच होती. पण जागा वीस कुत्र्यांची आणि पावसाळा संपेपर्यंत आत साठ झाली. मणके मोडलेली, जखमेत किडे पडलेली, उभं राहता न येणारी. दर गुरुवारी जनावरांचे एक डॉक्टर फुकट येऊन बघून जात. एकदा हात धुताधुता ते म्हणाले, "यातली निम्मी तुम्ही जगवत नाही आहात. त्यांचं मरण लांबवताय." मला ते पटलं. गणिताच्या बाईंना पटलं नाही.

या बाई माझ्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. मी नोकरीला लागले तेव्हा वर्ग कसा सांभाळायचा हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आसऱ्याची मूळ कल्पनाही त्यांचीच. आता त्या मला फळ्यापुढे उभं केल्यासारखं विचारू लागल्या.

"विष घालणाऱ्यांच्या विरुद्ध आपण उभ्या राहिलो ना? मग विषात आणि डॉक्टरांच्या सुईत फरक काय?"

"हेतूचा," मी म्हणाले.

"हेतू कुत्र्याला कळतो का?"

"वेदना कळते. तुमचं पुण्य शाबूत राहावं म्हणून त्यांनी किती दिवस विव्हळायचं, तेवढं सांगा."

माझी जीभ तेव्हा फारच धारदार होती. बाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी तोड मीच काढली, आणि ती शब्दाची होती. 'मारणं' म्हणायचंच नाही, 'सोडवणं' म्हणायचं. आपल्याकडे म्हणतातच की, देवाने सोडवलं बिचाऱ्याला. अगदीच आशा नसेल तर डॉक्टरांनी आणि मी मिळून ठरवायचं. व्यापाऱ्याने ऐकून घेतलं, हात जोडले आणि गोदामाकडे फिरकणं कमी केलं. बाई एवढंच म्हणाल्या, "नाव बदललं की हात सैल होतो. बघशील." मी चक्क हसले. स्वतःच्या युक्तीवर मी खूश होते.

गोदामाची देखरेख मेजर करायचे. ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. गाव कराडकडचं, घरचा ऊस होता, मुलं तो बघत. "घरी बसून काय करू? पलटनीत कुत्री सांभाळली हायत मी," असं म्हणून ते आमच्याकडे आले होते. त्यांचा एकच नियम होता, हुकूम एकाच माणसाचा घ्यायचा. तो माणूस मी होते. बाईंनी काही सांगितलं तर ते नम्रपणे म्हणत, "ताईस्नी सांगा, त्या मला सांगतील."

त्या हिवाळ्यात तांबडी आली. आष्ट्याच्या स्टँडवर चहाची टपरी चालवणाऱ्या एका बाईची ती कुत्री. उसाच्या ट्रॉलीखाली तिचे मागचे दोन्ही पाय सापडले होते. डॉक्टर म्हणाले, ही चालणार नाही. मी म्हणाले, सोडवा. गणिताच्या बाई आडव्या आल्या. "एक महिना दे मला," त्या म्हणाल्या, आणि महिनाभर रोज सकाळी येऊन त्या कुत्रीच्या पायांना तेल चोळत बसल्या. मी जाता-येता म्हणायचे, कशाला हाल करताय, सोडवा तिला. महिनाभर मी हेच म्हणत होते.

आणि तांबडी उठली. फरफटत, मग लंगडत, आणि एका रविवारी मला बघून गोदामभर पळाली. मी बाईंना म्हणाले, हरले मी. मला हरल्याचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघींनी पहिल्यांदाच एकमताने ठरवलं, की येत्या शुक्रवारी तांबडीला आष्ट्याला नेऊन सोडायचं. टपरीवाल्या बाईला निरोपही गेला. तिला मेजर घेऊन जाणार होते, त्यांना तेवढं मी सांगायचं होतं.

बुधवारी साताऱ्याहून आईच्या आजारपणाचा निरोप आला आणि मी तशीच निघाले. मेजरना सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून मी गोदामात फोन लावला. मागे माणसं खोळंबलेली, बाहेर गाड्यांचे भोंगे. आईला ऑक्सिजन लावला होता आणि माझं अर्धं चित्त तिकडे होतं. तांबडीचं काय करायचं ते मी मेजरना एका वाक्यात सांगितलं.



"तांबडीला?" मेजरनी विचारलं.

"हो, तांबडीलाच."

"आज डॉक्टर येतील. त्यास्नी सांगू?"

मला वाटलं, जाण्याआधी पाय तपासून घ्यायचं म्हणतायत. "सांगा की," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.

शनिवारी मी परतले. आई सावरली होती, मी हलक्या मनाने गोदामात शिरले आणि विचारलं, "पोचली का तांबडी?" मेजर हातातली बादली खाली ठेवून माझ्यापुढे आले. मग म्हणाले, "तरास झाला न्हाई तिला. आधी गूळ-चपाती खाल्ली. मांडीवर डोकं हुतं माझ्या." गोदामामागे बाभळीखाली माती उकरलेली दिसत होती. डॉक्टर घाईत आले होते, तांबडी पळताना त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांनी महिन्यापूर्वी स्वतःच तो सल्ला दिलेला, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. उशिरा का होईना शहाणपण सुचलं, असंच त्यांना वाटलं असणार.

मी बूथमध्ये काय म्हणाले होते, सोडा की सोडवा? मला खरंच सांगता येत नाही. आष्ट्याचं नाव घेतलं होतं का, तेही आठवत नाही. त्या कुत्रीच्या बाबतीत महिनाभर माझ्या तोंडात एकच शब्द होता. एका 'व'चा प्रश्न. मुलांचा मी अर्धा गुण कापायचे.

संध्याकाळी बाई आल्या. तांबडी पोचली नाही हे त्यांना आष्ट्याहूनच कळलं होतं, टपरीवाली दोन दिवस येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत होती. बाभळीखालची माती बघून बाईंनी मला विचारलं, "तू काय सांगितलं होतंस?"

मी तोंड उघडण्याआधीच मेजर म्हणाले, "चूक माजी हाय. हुकूम नीट कळला न्हाई तर परत इचारायची रीत असती. माज्या मनात आलं हुतं इचारावं म्हणून. इचारलं न्हाई."

आणि मी गप्प बसले. मला खात्री नव्हती, पण खात्री नाही एवढं तरी बोलता आलं असतं. आईच्या काळजीचं कारणही तयार होतं. बाईंनी त्या म्हाताऱ्या माणसाला जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि त्याने ते सावधान उभं राहून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मेजर किल्ल्या देऊन गावी निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही. टपरीवालीला सांगायला आष्ट्याला बाई गेल्या. माझं धाडस झालं नाही.

डॉक्टरांनी हात झटकले. यापुढे तोंडी काही चालणार नाही, म्हणाले, लेखी द्या आणि खाली सही करा. मी दिलं नाही. एकाही कुत्र्याचं दिलं नाही. लोकांना वाटलं मी बाईंच्या बाजूला गेले. बाजू कसली, मला शब्दाचीच भीती बसली होती.

उन्हाळ्यात आसऱ्यात डिस्टेंपर ही कुत्र्यांची साथ आली. मंगळवारी एका पिल्लाला झटके सुरू झाले. जबडा कटकट वाजायचा, झटका ओसरला की ते ओरडायचं, आणि पुन्हा झटका यायचा. बोलावून आणलेले डॉक्टर दारात उभे होते. बाई पिल्लाशेजारी जमिनीवर बसलेल्या. अर्धा तास बसल्या असतील. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिहून दे त्यांना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणतेय. लिही."

मी कागद घेतला. पिल्लाचा रंग लिहिला, लक्षणं लिहिली. पुढचा शब्द काही माझ्याकडून उतरेना. मी पेन बाईंच्या पुढे केलं. "तुम्ही लिहा."

त्यांनी पेन घेतलं नाही. "मला जमलं असतं तर मी तुझ्याशी इतके दिवस कशाला भांडले असते?" त्या म्हणाल्या. "तू आहेस, तू करशील, याचा भरवसा होता. म्हणून मला नाही म्हणता येत होतं गं."

डॉक्टर थोडा वेळ थांबले आणि स्कूटर काढून गेले. पिल्लू शुक्रवारपर्यंत ओरडत होतं.