मामांचा उजवा पाय

मामा चहात साखर घेत नसत, तरी चमचा हलवत राहत. बूट शिवताना दोऱ्याचं टोक दातांत धरून बोलत, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कोणाला कळत नसे. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्याचे पाय बघत, मग तोंड. कुठलाही जोड डाव्या पायापासून शिवायला घेत. आणि गाणं सुरू झालं की उजवा पाय आपटत. ही शेवटची सवय मात्र त्यांची त्यांनाच ठाऊक नव्हती.

भाचीचा बँड त्यांच्या दुकानामागच्या खोलीत सराव करी. भिंतींना कातडी टांगलेली, त्यामुळे आवाज घुमत नसे आणि शेजारी भांडायला येत नसत. भाची गिटार वाजवत गाई. ड्रमवर घाईमास्टर. तो दिवसभर पार्सलं पोचवायचा आणि गाणंही वेळेआधी पोचवायला बघायचा. बेसवर मौनी. त्याचं नावच पुरेसं आहे.

भाचीचं पहिलं गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं. स्टुडिओ शनिवारचा, तेवढा एकच दिवस मिळालेला. तयारी मामांनी अंगावर घेतली. तारा आत्ताच बदला, म्हणजे शनिवारपर्यंत रुळतील. खिशात किल्ल्या नकोत. खुर्ची करकरणारी नको. बुधवारी त्यांनी सगळं गाणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं.

गाण्यात कोणीतरी दार ठोठावत होतं. थप, थप, थप.

"हे कोण?" भाचीनं विचारलं.

"मी नाही," घाईमास्टर म्हणाला. "मी इतका नीट कधी वाजवतो?"

मौनीनं नुसतं बोट दाखवलं. मामा स्वतःच्या पायाकडे बघत राहिले, जणू तो कोणी दुरुस्तीला टाकून गेलं होतं.

"शनिवारी पाय घरी ठेवून या, मामा."

"तू घाई घरी ठेव, मी पाय ठेवतो."

मामा मांडी घालून बसले. दुसऱ्या कडव्यातच गाणं उधळलं. घाईमास्टर पुढे, भाची मागे, मौनी मध्येच कुठेतरी एकटा. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की इतके महिने तिघंही त्या पायावर वाजवत होते. मग ताल धरायला घाईमास्टरच्या कानात फोनची टिकटिक लावली. त्यानं ती लगेच काढली. "शाळेतल्या बाईंसारखी डाफरते," म्हणाला.

भाचीचा चेहरा उतरला. गाणं असं पळालं तर शनिवार फुकट जाणार होता.

"मी तुमच्यातच बसणार," मामा म्हणाले. "नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या तळव्याचे बूट शिवतो. कितीही आपटले तरी आवाज नाही."

"मामा, तू आपटतोस एकच पाय. जोड कशाला?"

"मी बूट शिवणारा माणूस. एका पायात बूट घालून जाऊ?"

गुरुवारी संध्याकाळपर्यंत डावा तयार झाला. मऊ, गुबगुबीत, मांजराच्या पंजासारखा. मामा पुढे दुकानात उजवा शिवत बसले. "मी येईपर्यंत वाजवू नका," असं त्यांनी बजावलं होतं, पण दोरा दातांत होता.

आत गाणं सुरू झालं आणि फिसकटलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा फिसकटलं. मामांनी मान हलवून टाका घातला. तिसऱ्यांदा दुसरं कडवं जवळ आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. उजवा पाय आपोआप उचलला जाऊ लागला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. दुसरं कडवं गेलं. तिसरं आलं. घाईमास्टर घाई करत नव्हता. गाणं जिथे संपायला हवं तिथे संपलं.

भाची दारात आली.

"कसं जमवलंत?" मामांनी विचारलं.

आतून मौनी बोलला. "एकमेकांकडे बघितलं. आधी तुमच्या पायाकडे बघायचो."

मामा चष्मा पुसत राहिले.

"उजवा झाला?" भाचीनं विचारलं.

"नाही. दोरा संपला."

रीळ त्यांच्या मांडीवर होतं. ते तिनं पाहिलं. ती खाली त्यांच्याशेजारी बसली. "शनिवारी तू यायचंच आहेस."

"येणार की. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसतो. तिथे हवं तेवढं आपटता येतं."

शनिवारी ते जुनेच बूट घालून गेले. काचेपलीकडे त्यांनी इतका पाय आपटला की रेकॉर्डिंग करणाऱ्यानं आपला चहा उचलून हातात धरला.

डावा बूट फळीवर आहे. एखादं गिऱ्हाईक तो उचलतं, दाबून बघतं आणि जोडीचा मागतं. जोडीचा शेजारीच आहे. तळवा अर्धा शिवलेला, टाचेपाशी सुई तशीच अडकवलेली.