टॅबलेटची तिजोरी

मला टॅबलेटसाठी स्टँड बनवायचा होता, झाली तिजोरी.

यात माझा दोष नाही. घाटकोपरच्या ज्या कारखान्यात मी उभा जन्म घालवला (आता तिथे टॉवर आहे, वॉचमन मला गेटवर उभा करत नाही), तिथे तिजोऱ्याच बनायच्या. शिक्षण सातवी, तीही दोनदा. हाताला एकच वळण लागलं: वस्तू बनवायची ती अशी, की कुणाच्या बापाला उघडता येता कामा नये!

आमची ही गेली, तेव्हापासून मला घरात नुसतं बसवत नाही. मग मी दुरुस्त्या करतो. नळ दुरुस्त केला, खालच्या मजल्यावरच्यांचं छत गळायला लागलं. पंखा दुरुस्त केला, तो उलटा फिरतो. शेवटी मुलगा महेश आणि सून रूपाली यांनी चहाच्या वेळी विषय काढला.

"बाबा, थोडे दिवस गावी काकांकडे राहा ना," महेश म्हणाला. "हवा चांगली आहे."

"हवा इथे पण आहे."

"मंगळवारचं तिकीट काढलंय. कुर्ल्याहून गाडी."

गावी भावाला फोन लावला, तर तो खूश. "ये रे! माकडां लय झाली हत, हाकलूक माणूस होयो!"

घ्या! विक्रोळीत नकोसा झालो, तर गावी माकडांवर नेमणूक! मी साफ सांगितलं, "ही याच खोलीत राहिली, याच खोलीत गेली. मी इथून हलणार नाही." बोलताना आवाज जरा फाटला. तर रूपाली म्हणते, "बाबा, तंबाखू कमी करा."

त्याच सुमारास महेशने जुना ट्रक घेतला होता आणि एका डेकोरेटरची लग्नाच्या सामानाची कामं धरली होती. आता पोटचा पोरगा म्हणून सांगतो, त्याला विक्रोळीच्या पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तरी दोन ठिकाणी विचारावं लागतं. म्हणून त्याने रस्ता दाखवायला आईचा टॅबलेट डॅशबोर्डवर ठेवला. हिचा टॅबलेट! त्यात हिचे सगळे फोटो. पहिल्याच वळणाला तो घसरला आणि माझ्या मांडीवर येऊन पडला. मला घाम फुटला. आणि घामाबरोबर युक्तीही सुचली.

"महेश, याला स्टँड मी बनवतो. झकास झाला तर मी इथेच राहणार. नाही झाला तर मंगळवारी मुकाट गाडीत बसेन. बोल!"

महेशने हातावर टाळी दिली. रूपालीने त्याच संध्याकाळी माझी बॅग माळ्यावरून खाली काढली. (पोरीचा माझ्या हातावर फार विश्वास.)

तीन दिवस खपलो. जाड पत्र्याचा डबा केला, रिबिटा ठोकल्या. समोर गज लावले, बोट जाईल एवढीच फट ठेवून. चोराचा हात आत जायला नको! खाटेखाली कारखान्यातलं एक जुनं खटक्याचं कुलूप होतं, ते बसवलं. झाकण दाबलं की आपोआप बंद, मग चावीशिवाय हलणार नाही. चार्जिंगच्या वायरीला एक भोक. आणि चार बोल्टांनी सगळं डॅशबोर्डला आवळून टाकलं. ट्रक उलटला असता तरी डबा जागचा हलला नसता.

महेशने बघितलं. गजांवर टिचकी मारली.

"बाबा, आत टॅबलेट आहे की कैदी?"

"तू गाडी चालव."

रविवारी बोरिवलीला लग्न. मुहूर्त अकरा चाळीसचा. ट्रकमध्ये पाहुण्यांच्या खुर्च्या आणि वर नवरा-नवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या. महेशने हॉलचा पत्ता घातला, मी झाकण दाबलं. खट्! काय तो आवाज! छाती भरून आली. आम्ही निघालो.

पवईच्या चढावर मी नकाशात डोकावलो.

"महेश, थांब! आपण खाडीत आहोत!"

"आपण पवईला आहोत, बाबा."

"नकाशात खाडीत दिसतोय. मधोमध!"

"त्याला सिग्नल नको का मिळायला? तुम्ही त्याला लोखंडात कोंडलंय!"

एवढ्यात आतली बाई बोलायला लागली. "मागे वळा." आम्ही पुढे. "मागे वळा." आम्ही अजून पुढे. आवाज पूर्ण मोठा, आणि तो कमी करायचं बटण पत्र्याच्या आत.

"चावी द्या," महेश म्हणाला. "मोबाईलवर रस्ता लावतो, आधी हिला बंद करतो."

मी सदऱ्याचा खिसा चाचपला. पँटचे दोन्ही खिसे चाचपले. मग आठवलं. टॅबलेट डब्यात जरा खुळखुळत होता, म्हणून मागे पाचर म्हणून हाताला लागलं ते घातलं होतं.

"चावी आत आहे," मी म्हणालो.

"आणि दुसरी?"

"तीही आत आहे."

"दोन्ही?!"

"एकीने घट्ट बसत नव्हता."

महेशने उगाचच हॉर्न दाबला. बाई बोलली, "मागे वळा."

म्हटलं आपणच बंद करू. गजातून बोट घातलं, काच दाबली. काही नाही. जन्मभर पत्रा घासून माझ्या बोटाचं कातडं असं झालंय, की काचेला वाटत असेल कुणीतरी खिळा टेकवलाय. मी अजून जोर लावला. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. नकाशा गेला आणि हिचा फोटो आला. महेशच्या लग्नातला, डोळे वटारलेला. (तेव्हा मी पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी मागितली होती.) आणि बोट? बोट काही बाहेर येईना!

आता फोटो हिचा आणि आवाज त्या बाईचा. ही डोळे वटारून म्हणतेय, "मागे वळा." संसारभर हिचं माझ्याशी हेच चाललं होतं, त्यामुळे मला तसं नवं काही वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

जोगेश्वरीच्या सिग्नलला हवालदाराने काचेतून डोकावून बघितलं.

"काय आजोबा, बोट दाखवून कुणाला दम देताय?"

"बायको आहे."

"मागे वळा!" बायको म्हणाली. हवालदार दचकला आणि दोन पावलं मागे सरला. आम्हाला जायला त्याने नुसता हात केला.

बोरिवलीत महेश तीनदा चुकला. शेवटी एका रिक्षावाल्याला पुढे घातलं, त्याच्या मागे मागे गेलो आणि मुहूर्ताला वीस मिनिटं असताना हॉल गाठला. खुर्च्या पळवत पळवत आत गेल्या. मी मात्र ट्रकमध्येच. पोरं जमली, मग त्यांच्या आया जमल्या. नवरीच्या मामाने महेशला बाजूला घेऊन विचारलं, "म्हाताऱ्याला बांधून का ठेवलंय?" शेवटी स्वयंपाकातली एक बाई पळी भरून तूप घेऊन आली. आत "शुभमंगल सावधान" झालं, बाहेर माझं बोट सुटलं. अक्षता त्यांच्यावर पडल्या, टाळ्या मला मिळाल्या!

घरी आलो, तर बॅग दाराशी तयार. पैज हरलो होतो. नाटक केलं नाही. म्हटलं, "जातो मंगळवारी."

महेश मानेला हात लावून उभा राहिला. "ते ठीक आहे. पण डबा?"

"ग्राइंडरने काप," मी म्हणालो.

"ठिणग्या आत गेल्या तर? आईचे फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत."

शेजारचा म्हणाला, गजातून बोट घालून फोटो मोबाईलवर पाठवता येतील. खरं असेल. पण बोट कोण घालणार? सगळ्यांनी आपापले हात खिशात घातले.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "बाबा," रूपाली हळूच म्हणाली, "बनवलंय तुम्ही, उघडाल पण तुम्हीच. गावाचं नंतर बघू." तिकीट रद्द झालं.

त्याला आता दोन महिने झाले. ट्रक घरी असला की मी तारा, पाने, तेलाची बाटली घेऊन आत चढतो. ही गजाआडून डोळे वटारून बघते, मी तिला दिवसभराचं सांगतो. संध्याकाळी खाली उतरतो आणि घरात जाहीर करतो, "आज बरंच सैल झालंय."

रूपाली सगळ्या चाळीत सांगते, "बाबांना पाच मिनिटांचं काम आहे. गावी जायला नको म्हणून मुद्दाम वेळ काढतात. महालबाड!"

सांगू दे. मी ऐकून गालात हसतो. खरं सांगायचं तर त्या डब्यातलं ओ की ठो मला कळत नाही. पण स्वतःच ठोकलेला डबा उघडता येत नाही अशा गाढवापेक्षा महालबाड म्हणवून घेणं कधीही बरं!