मुंग्यांच्या बाजूचे काकाजी

लाखनीत आजवर माझं कुणी वाकडं केलं असेल, तर ते फक्त आमच्या शेजारच्या काकाजींनी, आणि तेही मुंग्यांकरवी. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली मी हमरस्त्यावर किराणा दुकान टाकलं. काकाजी जन्मभर हातमागावर बसलेले. नजर अधू झाली तशी पोरांनी माग मोडून चुलीत घातला, आणि हे मुंग्यांचे वकील झाले. किराणावाल्याच्याच शेजारी! गुळाच्या ढेपेला रांग लागली म्हणून मी झाडू उचलला, की कुंपणापलीकडून ओरडणार, "काहून मारून राहिला बे? ते काळी आहे, ते चावत नाही!" त्या अधू नजरेला नेमकी मुंगीच कशी दिसे, देव जाणे. चावरी कोणती, मुंगळा कुठे राहतो, भिजलेलं धान्य बिळाबाहेर आणून उन्हात वाळवते ती कोणती, सगळं तोंडपाठ. माझं नाव मात्र दर दोन दिवसांनी विसरत. एकदा म्हणाले, "त्यायले मागच्या दारी वेगळी साखर टाक, दुकानात येणार नाही." मी गाढव, टाकली. मुंग्या तिकडे नाश्ता करून इकडे जेवायला आल्या. तक्रार केली, तर म्हणाले, "कमी टाकली असशील."

खरा वाद आंब्याचा. झाड त्यांचं, फांद्या माझ्या अंगणात, आणि फांदीफांदीवर पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी. गिऱ्हाइकाच्या मानेवर टपकन पडायच्या. मला तिथं शेड टाकायची होती. एका सकाळी वैतागून कुऱ्हाडवाला बोलावला. काकाजी आले, माझं मनगट धरून एका घरट्यापाशी घेऊन गेले. "पाह्य." पाच-सहा मुंग्या दोन पानांचे काठ ओढून धरून होत्या, आणि एक मुंगी तोंडात अळी धरून तिचा रेशमी धागा या काठावरून त्या काठावर नेत होती. "मागावर आडवा धागा नेते ना, तो धोटा हा," काकाजी म्हणाले. मग हळूच, "माया माग त मोडला, बाबू. या मुंग्यायचा कायले मोडून राहिला?"

कुऱ्हाडवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. शेड फांद्यांना वळसा घालून वाकडी बांधली. लोक अजून हसतात.

काकाजींना जाऊन दोन पावसाळे झाले. परवा गिऱ्हाइकाला साबण देताना एक लाल मुंगी कानामागे कडाडून चावली. सणसणीत शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि सवयीनं कुंपणाकडे बघून ओरडलो, "काकाजी, तुमची मुंगी!" मग मीच तिला चिमटीत धरून फांदीवर नेऊन सोडलं. तिथंही ती बोटाला चावलीच.