तीनशे चाळीस मिलिसेकंद

ऑफिसात तिला चिमटा म्हणत. सर्किट बोर्डावरचे केसाएवढे भाग उचलायला तिच्या हातात कायम बारीक चिमटा असायचा, हे एक कारण. आणि ती बोलली की समोरच्याला बसायचाच, हे दुसरं. घरी मात्र ती नुसती धाकटी. थोरली बहीण ती ताई, आणि ताईचा नवरा ते भावोजी.

लिफ्टची कंट्रोल यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत तिला लावलं ते भावोजींनीच. ते तिथे विभागप्रमुख होते. "घरातली पोर आहे, सांभाळून घ्या," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. तेव्हा तिला ते प्रेमाचं वाटलं होतं.

कंपनीच्या नव्या बोर्डाला एक खोड होती. बोर्डावर दोन प्रोसेसर, एक मोठा आणि एक छोटा. वीज गेली आणि परत आली की छोटा अर्ध्या सेकंदात जागा व्हायचा आणि ब्रेक, दार, मोटर सगळं हातात घ्यायचा. मोठ्यावर ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, उठायला वीस सेकंद लागायचे. आणि उशिरा उठणाऱ्या घरच्या कर्त्यासारखं, त्याला वाटायचं की आपल्या आधी कोणी उठलेलंच नाही. मग तो काम करत असलेल्या छोट्याला बंद करायचा आणि नव्याने सुरू करायचा. तेवढ्यात ब्रेक बसायचा, लिफ्टला गचका बसायचा आणि ती दोन मजल्यांच्या मधे लटकायची.

यावर चिमट्याने चौदा महिने काढले. कंपनीच्या आवारात आठ मजली टेस्ट टॉवर होता. त्यातल्या लिफ्टमध्ये माणसांऐवजी वाळूची पोती भरून ती दिवसभर वर-खाली करायची. तिने कर्नलला शिकवलं की उठल्यावर आधी बघ, छोटा जागा आहे का. असेल तर त्याला हात लावू नकोस, नुसता त्याच्याशी बोलायला लाग. पण छोटा कधीकधी ब्रेकच्या तपासणीत गुंतलेला असायचा आणि लगेच उत्तर द्यायचा नाही. मग किती वेळ थांबायचं? कमी थांबलं तर कर्नल त्याला झोपलेला समजणार. जास्त थांबलं तर खरंच बंद पडलेला छोटा उशिरा कळणार. तीन आठवडे ती वहीत वेळा मांडत राहिली. लिफ्ट रिकामी, अर्धी, भरलेली. थंडीत आणि तापलेल्या दुपारी. आकडा निघाला तीनशे चाळीस मिलिसेकंद.

काम झालं. मोठ्या साहेबांसमोर ते मांडलं भावोजींनी. पडद्यावर पहिल्याच पानावर त्यांचं एकट्याचं नाव होतं. तिला वाटलं चुकून राहिलं असेल. नंतर त्यांच्या केबिनमध्ये जाऊन तिने विचारलं, तेव्हा दार उघडं होतं आणि बाहेर सात-आठ जण बसले होते. भावोजी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, तू टेस्टिंग करत होतीस. पोती उचलणारे इंजिनियर झाले तर आम्ही काय करायचं?"

बाहेर कोणीतरी हसलं. कोण ते तिने वळून पाहिलं नाही, पण हसणं लक्षात ठेवलं.

ताईकडे गेली, तर ताई भाजी निवडत म्हणाली, "एवढं काय त्यात? घरातल्या घरातच राहिलं ना नाव." आई म्हणाली, "घरचं भांडण चव्हाट्यावर नको." धाकटीने महिनाभरात नोकरी सोडली. वही तेवढी सोबत नेली.

त्याला सहा वर्षं झाली. माणसं म्हणतात काळ हे औषध आहे. तिला काही ते लागू पडलं नाही. तिने मनात डूख धरला होता, आणि रोज सकाळी दात घासताना त्याला खतपाणी घालायची. दुसऱ्या कंपनीत लागली. हा कर्नल एका कंपनीचा नसतो. जगभरचे लोक मिळून तो लिहितात, आणि कोणी काही बदल पाठवला तर त्यावरची सगळी पत्रं उघड्यावर असतात, कोणीही वाचावीत. त्यात हे छोटे प्रोसेसर सांभाळण्याचा जो भाग होता, तो एक म्हातारे गृहस्थ बघत. ती त्यांना मदत करू लागली. ते थकले तेव्हा जबाबदारी तिच्याकडे आली. आता त्या भागात काही घालायचं तर तिच्या होकाराशिवाय जात नव्हतं.

भावोजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या कंपनीचा तो बदल इतकी वर्षं घरच्याघरी ठिगळासारखा लावलेला होता. कर्नलची नवी आवृत्ती आली की ठिगळ उसवायचं, परत शिवावं लागायचं. शेवटी मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली की हे सामाईक कर्नलमध्ये गेलं पाहिजे. भावोजींनी पाठवून दिलं. लेखक म्हणून स्वतःचं नाव.

एका मंगळवारी सकाळी, चहा पुढ्यात असताना, चिमट्याने ते उघडलं. स्वतःच्या ओळी तिने लगेच ओळखल्या. स्वल्पविरामसुद्धा तिचे होते. चहा गार झाला. मग तिने उत्तर लिहिलं. अतिशय सभ्य. "पाठवल्याबद्दल आभार. काही शंका आहेत." खाली नाव, पूर्ण.

भावोजींनी ते नाव वाचलं असेल तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला असेल, हे ती पुढे कितीतरी दिवस मनात रंगवत होती.

शंका खऱ्याच होत्या. उठून झाल्यावर कर्नल घरभर फिरून कोणी वापरत नसलेल्या घड्याळ-लहरी, म्हणजे ज्यांच्या ठेक्यावर यंत्राचे भाग चालतात त्या विजेच्या लहरी, बंद करतो, रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवावेत तसा. त्यात छोट्याची लहर बंद झाली तर? भावोजींनी दुसरी आवृत्ती पाठवली. कर्नल मधेच बंद करून परत सुरू केला तर छोटा चालूच राहतो का? तिसरी आवृत्ती. ही दोन्ही कामं तिने सोडून जाताना अर्धी लिहिलेली होती, आणि भावोजींनी ती नको म्हणून कापली होती. आता त्यांच्या नाकी नऊ आले. ती प्रत्येक उत्तर चार दिवसांनी देई. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही.

पाचव्या आवृत्तीनंतर ताईचा फोन आला. "अगं, यांचं जेवणावर लक्ष नाही. सगळं ऑफिस ती पत्रं वाचतंय म्हणे. तू जरा हात सैल कर ना."

"ताई, एकतरी शंका खोटी आहे का, विचार त्यांना."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"तेव्हाही कळत नव्हतं. तरी बोलली होतीस."

ताईने फोन ठेवला.

दहाव्या आवृत्तीवर चिमट्याने राखून ठेवलेला प्रश्न काढला. "उत्तरासाठी तीनशे चाळीस मिलिसेकंद थांबायचं, हा आकडा कसा ठरवला? मोजणीच्या नोंदी जोडाव्यात."

भावोजींनी लिहिलं, अनुभवावरून ठरवला. तिने विचारलं, कोणाच्या अनुभवावरून? इतर देशांतले दोघे-तिघेही आता विचारू लागले, कारण त्यांच्या यंत्रांनाही तो आकडा लागू होणार होता. भावोजींची मिठाची गुळणी. एक आठवडा गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या रविवारी सकाळी ते तिच्या दारात उभे होते. एकटेच. तिने आत घेतलं, पाणी दिलं. ते सोफ्याच्या कडेवर बसले, पूर्ण टेकले नाहीत.

"वही तुझ्याकडे आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग दे. नात्याला तरी जाग."

"नात्याला जागूनच सहा वर्षं गप्प बसले, भावोजी. उत्तर सोपं आहे. लिहा, की हा आकडा मला माहीत नाही, कारण हे मी लिहिलेलं नाही. ज्या बाईने लिहिलं तिने तो टॉवरमध्ये पोती उचलून मोजला."

त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "सातव्या आवृत्तीत तू एका फंक्शनचं नाव बदलायला लावलंस. आठव्यात परत पहिलंच करायला लावलंस. तेही कामाचंच होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "ते मुद्दाम केलं."

त्यांनी मान हलवली. त्यांना जणू तेवढंच ऐकायचं होतं. पाणी न पिता ते गेले.

बुधवारी अकरावी आवृत्ती आली. लेखकाच्या जागी चिमट्याचं नाव होतं. खाली तीन ओळींचं पत्र: मूळ काम माझं नव्हतं, ते माझ्या विभागातल्या इंजिनियरचं होतं, मोजणीची माहिती तिच्याकडे आहे. तिने ते चार वेळा वाचलं. मग वहीची पानं स्कॅन करून जोडली. स्वतःच्या कामाला स्वतः होकार देणं बरं नव्हे म्हणून निर्णय कर्नलचा दुसरा भाग सांभाळणाऱ्या एकावर सोपवला. त्याने दोन किरकोळ चुका काढल्या आणि घेतलं.

जुन्या ऑफिसातून एकाने तिला निरोप पाठवला, की त्या दिवशी हसलो तो मी होतो, माफ कर. तिने उत्तर दिलं नाही. भावोजींचा विभाग काढून घेतला आणि त्यांना माहितीपुस्तिका लिहिण्याच्या टेबलावर बसवलं, हेही त्यानेच कळवलं होतं.

महिन्याभराने आईकडे सगळे जमले. भावोजी आले नाहीत. ताईने सगळ्यांना वाढलं, धाकटीलाही वाढलं, पण तिच्याकडे न बघता. भांडी आवरताना दोघी ओट्याशी एकट्याच होत्या.

"झालं तुझं समाधान?" ताईने विचारलं.

ताईचे डोळे सुजलेले होते, ते धाकटीने पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि चार शब्द मऊ बोलली असती तर बहीण कदाचित परतही मिळाली असती.

"झालं," ती म्हणाली, आणि पुसायला पुढचं ताट घेतलं.