यामिनीच्या तपकिरी शाली

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये पोलादाच्या कारखान्यांची धुराडी दिसतात त्या बाजूला यामिनी खानझोडेचं घर आहे. लोकांच्या बेसमेंटमध्ये टीव्ही असतो, पाहुण्यांची खोली असते. हिच्या बेसमेंटमध्ये दोन हातमाग आहेत. मूळची नागपूरची, इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकलेली. लग्नानंतर इकडे आली आणि विंटर कोट बनवणाऱ्या एका कंपनीत कापड तपासायच्या कामाला लागली. ती कंपनी बंद पडली तेव्हा मुलगी ईरा नुकती चालायला लागली होती. पुन्हा दहा ठिकाणी अप्लाय करायचा तिला कंटाळा आला, म्हणून तिनं एका म्हाताऱ्या विणकरणीच्या गराजमधला जुना माग उचलून आणला.

लोकर मिळाली ती शेजारच्या अनूजिनमुळे. अनूजिन मंगोलियाची, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स. सुट्टीवरून येताना तिनं एक पिशवीभर पांढरी लव आणली. तिची मावशी दुलमा डोंगराळ भागात जनावरं पाळते, वसंतात शेळ्या विंचरते, आणि विंचरून निघते ती ही लव. यामिनीनं चिमूटभर बोटांत चोळून पाहिली आणि ‘तुझी मावशी मला दर वर्षी देईल का?’ असं तिथल्या तिथे विचारून टाकलं.

दुलमा देत राहिली. यामिनीच्या शाली टोरोंटोच्या एका महागड्या दुकानात लागल्या. प्रत्येक शालीला एक छोटी चिठ्ठी असे: ‘ही लोकर गवताळ माळाला जपून आणलेली आहे.’ वाक्य यामिनीनंच लिहिलेलं. माळ तिनं अनूजिनच्या फोनवर पाहिला होता, हिरवागार.

मग अनूजिनला मुलगी झाली आणि बाळंतिणीजवळ राहायला दुलमा स्वतः आली. यामिनीनं दोघींना जेवायला बोलावलं. दुलमानं वरणभात आवडीनं खाल्ला, चहात साखरेऐवजी मीठ मागून घेतलं. जेवण झाल्यावर यामिनीनं कौतुकानं एक शाल तिच्या खांद्यावर घातली. दुलमानं काठ चिमटीत धरून पाहिला, शाल दिव्यासमोर धरली आणि हसत काहीतरी म्हणाली.

“मावशी विचारतेय, हिनं वारा अडतो का?” अनूजिननं सांगितलं.

“तुम्ही घरी काय घालता मग?”

“मेंढीचं कातडं. ही लव आम्ही विकतो, अंगावर घेत नाही.”

यामिनीलाही हसू आलं. पण दुलमा पुढे बोलत राहिली आणि अनूजिनचा चेहरा उतरला. “ताई, मावशी म्हणतेय, आता शेळ्या निम्म्याच ठेवणार. तुमची लोकरही निम्मी होईल. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून थांबली होती.”

“अगं, पण माझ्या ऑर्डर्स घेऊन झाल्यात!”

दुलमानं हातानं जमिनीतून काहीतरी उपटल्यासारखं केलं. शेळी गवत मुळासकट खाते. पूर्वी तिच्या घरी मेंढ्या, घोडे, याकच जास्त असत, शेळ्या थोड्याच. लवेला मागणी आली तशा सगळ्यांनी शेळ्या वाढवल्या, तिनंही. डोंगर बोडका झाला. त्यात मागच्या हिवाळ्यात झुद आला. झुद म्हणजे बर्फाचं असं कवच की जनावराचं तोंड गवतापर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यात पोटभर न चरलेली जनावरं उभ्या उभ्या मेली.

“तिनं सगळ्यांना नावं दिली होती,” अनूजिन हळूच म्हणाली.

त्या दोघी गेल्यावर यामिनी भांडी आपटत राहिली. नवरा शंतनु म्हणाला, “अगं, दुसऱ्याकडून घे ना. मंगोलियात शेळ्या काय हिच्याकडेच आहेत?”

तिनं तसं केलंही. एका व्यापाऱ्याकडून नमुना मागवला. लोकर चांगली होती, एक शाल विणूनही झाली. मात्र चिठ्ठी टाचायला घेतली आणि तिचा हात थांबला. ही लव कुठल्या डोंगरावरची, तिथे गवत उरलंय का, तिला काही ठाऊक नव्हतं. आणि जिथलं ठाऊक आहे असं ती इतकी वर्षं धरून चालली होती, तिथलंही तिनं कधी विचारलं नव्हतं. शाल तिनं चिठ्ठीशिवाय कपाटात ठेवली आणि अनूजिनचं दार वाजवलं.

“मावशीच्या याकांनाही विंचरतात का गं?”

विंचरतात, दुलमा म्हणाली, पोटाजवळची लव मऊ निघते. शिवाय याक गवत वरवर खातो, मुळं उपटत नाही. पण ती तपकिरी, तिच्यावर फिका रंग चढत नाही.

“चालेल,” यामिनी म्हणाली.

टोरोंटोच्या दुकानाला ते चाललं नाही. गिऱ्हाइकाला पांढरी शाल हवी असते, असं सांगून त्यांनी शाली घेणं बंद केलं. तो हिवाळा कठीण गेला. यामिनीनं शनिवारी विणकामाचे क्लास सुरू केले. तिथे शिकायला येणाऱ्या बायकांनीच पहिल्या तपकिरी शाली घेतल्या, मग त्यांच्या मैत्रिणींनी. हल्ली एक माग याकच्या लवेवर चालतो, दुसरा क्लाससाठी असतो. ईरा विचारते, “मॉम, व्हाय ओन्ली ब्राउन?” तेव्हा यामिनी तिला शेळीनं उपटलेल्या मुळांची गोष्ट सांगते, आणि ईरा निम्मी ऐकते.

दुलमाकडे यंदा शेळ्यांना थोडी करडं झाली. डोंगराच्या एका उतारावर गवत धरलंय म्हणे. अनूजिननं फोटो दाखवला. यामिनीनं तो मोठा करून नीट पाहिला. गवत अजून विरळच होतं.